कातडीचं बियाणं

आज कातडीविषयी बोलू या. कातडी म्हटलं की आपल्याला रंग आठवतो, सुरकुत्या आठवतात, टीव्हीवरची क्रीम आठवते. पण अंगावरची ही साल म्हणजे आपल्या शरीराचा एक मोठा अवयवच आहे. मोठ्या माणसाची सगळी कातडी पसरली, तर एखाद्या लहान सतरंजीएवढी भरेल. तिची कामं पुष्कळ आहेत, पण जिवाशी गाठ असलेली दोन: आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवायचे. म्हणून तर खूप भाजलेल्या माणसाला दवाखान्यात नेल्याबरोबर सलाईन लावतात. अंगातलं पाणी उघड्या जखमांतून झरून जात असतं. त्यातून माणूस वाचला, तर पुढच्या दिवसांत जंतूंची भीती असते.

भारतात दर वर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातल्या बायका बहुतेक करून घरातच भाजतात. चूल, स्टोव्ह, गॅस, उकळतं पाणी, कढईतलं तेल. पेपरात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ अशी ओळ येते. त्यातल्या काही भडक्यांना स्टोव्ह जबाबदार नसतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो विषय मोठा आहे आणि त्यावर आपण पुन्हा बोलूच. आज मला सांगायचंय ते नंतरचं. दवाखान्यात पोचलेल्या बाईची गेलेली कातडी परत कुठून आणायची, या प्रश्नावर माणसांनी काय काय केलं, त्याची ही गोष्ट.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कातडीचे दोन थर असतात. वरचा थर पातळ, पापुद्र्यासारखा. खालचा जाड, चिवट. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी या खालच्या थरात रुतलेल्या असतात, आणि त्यांच्या कडेनं वरच्या थराच्या पेशीही खोल गेलेल्या असतात. हात थोडा पोळला, फोड आला, तर याच पेशी वाढतात आणि पंधरा दिवसांत नवी कातडी येते. म्हणजे शेत वरून जळलं तरी जमिनीत बी शिल्लक असतं. पण भाजणं खोल गेलं तर ते बीच जळून जातं. मग कातडी फक्त जखमेच्या कडेनं थोडी थोडी सरकत येते. जखम लहान असेल तर भरते. छाती-पोट-पाठ असं सगळंच जळालं असेल तर कडा पोचणार कुठपर्यंत? तेव्हा बी दुसरीकडून आणावं लागतं.

कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी लावायची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेलं नाक नव्यानं करण्याची रीत दिलेली आहे. आणि या विद्येची जगभर गाजलेली एक हकिकत तर आपल्या पुण्याजवळची आहे. कावसजी नावाचा एक मराठा, शेतकरी घरातला, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्यही नव्हता आणि पंडितही नव्हता. विटा भाजणाऱ्या जातीचा कारागीर होता तो.

त्यानं काय केलं ऐका. मेणाची पातळ पट्टी नाकाच्या आकाराची केली. ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि भोवती रेघ मारली. तेवढी कपाळाची कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त वाहत राहील. मग ती कातडी पिळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. वरून काय लावलं? पाण्यात भिजवलेला कात. आपण पानाला लावतो तोच. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात तिचं वर्णन चित्रासकट छापून आलं. ते वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजीचं नाव इतिहासात राहिलं, डॉक्टरांची राहिली. ज्याच्या हातात ही कला होती, त्या विटावाल्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

पण नाक लहान असतं. कपाळावरून सोडवून खाली आणता येतं. जळलेल्या पाठीचं काय? १८६९ मध्ये पॅरिसच्या एका दवाखान्यात ज़ाक-लुई रेव्हर्दां या तरुण स्विस डॉक्टरनं वेगळा प्रयोग केला. त्यानं चांगल्या जागेवरची कातडी अगदी तिळाएवढी, वरवर उचलली आणि भरत न येणाऱ्या जखमेवर ठेवली. जोडपट्टी नाही, काही नाही. ते तीळ जगले आणि त्यांच्याभोवती कातडी पसरू लागली. म्हणजे कातडी पूर्ण सुटी करून रोपासारखी दुसरीकडे लावता येते, हे कळलं. पुढे तीळ सोडून पातळ, रुंद पट्ट्या काढायला लागले. मांडीची कातडी काढून हातावर लावायची. मांडीचा वरचाच थर काढल्यामुळे तिथे बी शिल्लक राहतं आणि ती जागा आपोआप भरते. १९६४ मध्ये एक यंत्र निघालं, त्यात ही पट्टी घातली की तिला बारीक छेद पडतात आणि ती जाळीसारखी ताणता येते. तेवढ्याच कातडीत जास्त जागा झाकते. आपल्याकडच्या मोठ्या दवाखान्यांत आजही मुख्यतः हेच करतात.

आता तुम्ही म्हणाल, मांडीही जळाली असेल तर? आई देईल की, बहीण देईल. हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाँबहल्ल्यांत माणसं फार भाजत होती, तेव्हा तो डॉक्टरांच्याही मनात आला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या दवाखान्यात भाजलेली एक तरुण बाई होती. टॉमस गिब्सन या सर्जननं आणि पीटर मेडावर या संशोधकानं तिच्या जखमांवर थोडे तिच्याच कातडीचे तुकडे लावले आणि थोडे तिच्या सख्ख्या भावाचे. तिचे स्वतःचे जगले. भावाचे काही दिवस छान दिसले आणि मग गळून गेले. पुन्हा भावाचीच कातडी लावली, तर ती पहिल्यापेक्षाही लवकर गेली. १९४३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शरीर परक्याला ओळखतं, लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आणखी जोरानं बाहेर काढतं, हे त्या बाईच्या अंगावर सिद्ध झालं. पुढे शरीराच्या या स्वभावावरच्या कामासाठी मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं. आज किडनी बदलतात, लिव्हर बदलतात, त्या सगळ्या विद्येची एक मुळी या बहीण-भावाच्या कातडीत आहे.

म्हणजे पेच असा झाला: शरीर कायमची ठेवून घेतं ती फक्त स्वतःची कातडी, आणि जास्त भाजलेल्याकडे तीच शिल्लक नसते.

हा पेच सुटला तो काहीसा आडवाटेनं. अमेरिकेत बॉस्टनजवळ हॉवर्ड ग्रीन नावाचे संशोधक होते. ते भाजलेल्यांवर कामच करत नव्हते. उंदराच्या एका गाठीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवताना त्यांना मधेच कातडीसारखी ठिपकी दिसली. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी तशाच वाढतात का ते पाहिलं. नुसत्या ठेवल्या तर वाढत नव्हत्या. पण खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरला तर भराभर वाढायच्या. या उंदराच्या पेशींवर आधी किरण सोडून त्यांची वाढ थांबवलेली असते. त्या स्वतः वाढत नाहीत, फक्त दुसऱ्याचं लेकरू वाढवतात. दाईच म्हणा ना. हे १९७५ मध्ये छापून आलं. पुढच्या काही वर्षांत बशीत तयार झालेला पापुद्रा न फाटता सोडवून घ्यायची युक्ती सापडली, आणि १९८० च्या सुमारास बॉस्टनमध्ये तो रुग्णांना लावूनही पाहिला.

खरी परीक्षा १९८३ च्या उन्हाळ्यात झाली. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ रंग काढायच्या द्रावणाचा भडका उडून भाजले. अंगाचा पंचाण्णव टक्क्यांहून जास्त भाग. पूर्वी इतकं भाजलेलं मूल वाचतच नसे. आपला बोटांसकट तळहात म्हणजे आपल्या अंगाचा अंदाजे एक टक्का, यावरून हिशेब करून पाहा. त्या मुलांना बॉस्टनला आणलं. काखेत थोडी कातडी वाचली होती. तिथून नखाएवढे तुकडे घेतले आणि ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या पेशी वाढवायला घातल्या. तीन-चार आठवड्यांत हजारो पट वाढ झाली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ती पानं व्हॅसलिनच्या जाळीदार कापडावर चिकटवून, एकेक करून, मुलांच्या अंगावर लावली. अंगाचा जवळजवळ अर्धा भाग बशीतल्या कातडीनं झाकला. दोघंही जगली.

मला या गोष्टीतला मधला भाग फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. कातडी वाढायला तीन-चार आठवडे लागले. तोवर ती मुलं उघड्या अंगानं कशी राहिली? राहिली नाहीत. जळलेला भाग काढून तिथे मेलेल्या माणसांची, दान मिळालेली कातडी लावली होती. ती परकी, म्हणून शेवटी गळणारच. पण खूप भाजलेल्या शरीराची प्रतिकाराची ताकद कमी झालेली असते, म्हणून ती दोन-तीन आठवडे टिकते. तेवढ्यात ती पाणी आत ठेवते, जंतू बाहेर ठेवते, वेदना कमी करते. तेवढी सवड मिळाली म्हणून बशीतल्या पिकाला वेळ मिळाला.

या पिकात खोटही होती. पापुद्रा म्हणजे फक्त वरचा थर. खालचा जाड थर नसेल तर तो नाजूक राहतो, फोड येतात, जरा जंतू शिरले की सगळा जातो. खालच्या थराचा विचार बॉस्टनमध्येच सर्जन जॉन बर्क आणि मूळचे ग्रीसचे संशोधक आयोनिस यानास करत होते. त्यांनी गाईच्या स्नायुबंधातला चिवट पदार्थ आणि शार्क माशाच्या कूर्चेतला पदार्थ एकत्र करून स्पंजासारखा थर केला आणि वर सिलिकॉनचा पातळ पडदा दिला. ऐकून कुणी नाक मुरडेल, पण युक्ती पाहा. वेलाला मांडव घालतो, तसा हा मांडव. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि मांडव हळूहळू विरघळून जातो. मग वरचा पडदा काढून अगदी पातळ कातडी लावायची. १९८१ मध्ये त्यांनी पहिल्या दहा रुग्णांची हकिकत छापली. अमेरिकेत त्याला विक्रीची परवानगी १९९६ मध्ये मिळाली. मधली पंधरा वर्षं तपासण्यांत गेली. औषधाच्या दुनियेत ‘शोध लागला’ आणि ‘मिळायला लागलं’ यांत एवढं अंतर असतं.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात फिओना वुड या सर्जन बाईंना सतावत होते ते मधले तीन आठवडे. जखम जितके दिवस उघडी, तितका व्रण वाईट. मेरी स्टोनर यांच्याबरोबर काम करून त्यांनी एकवीस दिवसांचा काळ पाच दिवसांवर आणला. पूर्ण पान तयार व्हायची वाटच पाहायची नाही. पेशी पाण्यासारख्या द्रावणात घेऊन जखमेवर फवारायच्या. आपण पंपानं फवारणी करतो तशी. २००२ मध्ये इंडोनेशियात बालीला बाँबस्फोट झाले, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात अठ्ठावीस भाजलेले रुग्ण आले आणि या फवारणीचं नाव जगभर झालं. सहा मुलांची आई असलेल्या या बाईंना २००५ मध्ये ऑस्ट्रेलियानं वर्षाचा मानाचा नागरिक म्हणून निवडलं.

आणि आज? आज ही विद्या कुठवर आलीय त्याचं मोठं उदाहरण जर्मनीतलं आहे. २०१५ मध्ये बोखुम शहराच्या दवाखान्यात सात वर्षांचा एक मुलगा होता. युद्धामुळे सीरिया सोडून आलेलं कुटुंब. मुलगा भाजलेला नव्हता. त्याला जन्मतःच असा आजार होता की कातडीचे दोन थर एकमेकांना धरूनच राहत नाहीत, जरा घासलं की सुटतात. बरीचशी कातडी गेली होती. इटलीतल्या मोदेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या गटानं त्याच्या कातडीचा तुकडा घेतला, पेशींमधली आनुवंशिक खोट दुरुस्त केली आणि ग्रीन यांच्याच रीतीनं, दाईच्या थरावर, ती कातडी वाढवली. अंगाची सुमारे ऐंशी टक्के कातडी बदलली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता आणि फुटबॉल खेळत होता.

यापुढची पायरी म्हणून कातडी छापायचे प्रयोग चालू आहेत. हो, प्रिंटरनं. शाईऐवजी पेशी. खालचा थर आधी, वरचा थर नंतर. अमेरिकेत अशा यंत्रानं उंदरांच्या आणि डुकरांच्या जखमा भरल्याचं २०१९ मध्ये दाखवलंय. ‘आता कातडी छापून मिळणार’ अशा बातम्या मोबाइलवर फिरतात, त्या वाचताना एवढं ध्यानात ठेवा: घाम येणारी, केस उगवणारी पूर्ण कातडी रुग्णांसाठी अजून कुठेही तयार होत नाही. आणि जे तयार होतं त्याला मोठी प्रयोगशाळा लागते आणि पुष्कळ पैसा लागतो. आपल्याकडेही काम चाललंय. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयातल्या पेशी काढून टाकून उरलेल्या जाळीपासून जखमेवरचं आवरण बनवलं, त्याला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

पण महाराष्ट्रात मला जास्त अभिमान वाटतो तो साध्या गोष्टींचा. १९८० च्या दशकात मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉक्टर मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून भाजलेल्या मुलांवर वापरली. जखम ओली राहते, पट्टी चिकटत नाही, बदलताना मूल ओरडत नाही. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. पान मऊ, गुळगुळीत, फुकटासारखं, आणि बटाट्याच्या सालीपेक्षा करायला सोपं. जखमेला काही चिकटत नाही. एक मात्र नीट ऐका: ही पानं दवाखान्यात वाफेनं निर्जंतुक केलेली असतात. घरी परसातलं पान तोडून भाजल्यावर लावायचं नाही. घरी करायचं ते एवढंच: वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढायच्या. स्वच्छ कापडानं झाकायचं आणि निघायचं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, शेण तर मुळीच नाही.

याच डॉक्टर गोरे यांच्या पुढाकारानं शीवच्या रुग्णालयात २४ एप्रिल २००० रोजी त्वचापेढी सुरू झाली. बॉस्टनच्या त्या दोन मुलांना मधल्या आठवड्यांत जी दानाची कातडी मिळाली, ती आपल्याकडच्या बायकांना मिळावी म्हणून. आता नवी मुंबई, पुणे, नागपूर इथेही अशा पेढ्या आहेत. नेत्रदान आपल्या गावांत माहीत झालंय, त्वचादान अजून नाही. बायका विचारतात, मेल्यावर अंग सोलणार का? नाही. मांडी, पाय आणि पाठ इथून वरचा पातळ थर तेवढा घेतात. रक्त येत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत. त्या जागी पट्टी बांधून देतात आणि अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो. पाऊण तासाचं काम. मरणानंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. अठरा वर्षांवरच्या कुणाचीही कातडी चालते, म्हाताऱ्या माणसाचीही. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ, कातडीचा कर्करोग किंवा कातडीचा संसर्ग असेल तर घेत नाहीत. अर्ज आधी भरलेला नसला तरी घरच्यांनी संमती दिली आणि पेढीला फोन केला की पेढीची माणसं घरी येतात.

सहा तासांचा हिशेब आडगावाला अवघड आहे, हे खरं. पेढी शहरात, रस्ता असा. तरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात कुणाचं मरण आलं, तर तिथूनच फोन करता येतो. गटाच्या पुढच्या बैठकीत जवळच्या पेढीचा नंबर काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घेतलेली कातडी तपासून ग्लिसरीनमध्ये ठेवतात. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात निघालेली ही पद्धत. त्यासाठी फार खोल गोठवायची गरज नाही, आपल्या घरच्या फ्रिजइतकी थंडी पुरते. अशी ठेवलेली कातडी पाच वर्षांपर्यंत वापरता येते.